बियांपासून घरी कॉफीचं रोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफीचं बी पेरल्यावर पाच-सहा आठवडे मातीवर काहीच दिसत नाही. त्या काळात माणसं अस्वस्थ होतात आणि प्रश्न विचारायला लागतात. खालचे निम्मे प्रश्न त्याच काळातले आहेत. उरलेले पुढच्या तीन-चार वर्षांत एकेक करून येतात.

प्यायच्या कॉफीच्या बिया पेरल्या तर उगवतील का?

भाजलेल्या असतील तर नाही. भाजताना बी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं आणि आतला गर्भ मरतो. तपकिरी रंगाची, सुगंधी बी म्हणजे मेलेलं बी, मग ते कितीही ‘ताजं भाजलेलं’ असो.

आणि न भाजलेल्या, हिरव्या बिया?

इथे उत्तर ‘क्वचित’ असं आहे. हिरवी बी जिवंत असू शकते, पण पिण्यासाठी तयार केलेल्या मालाचा प्रवास बघा. ती वाळवून ओलावा १०-१२ टक्क्यांवर आणलेला असतो, वरचं टरफल यंत्रात घासून काढलेलं असतं, आणि मग पोती गोदामात नि जहाजात कित्येक महिने पडून राहिलेली असतात. कॉफीचा गर्भ जेमतेम ३-४ मिलिमीटरचा, बीच्या एका टोकाला, फुगीर बाजूच्या पृष्ठभागाला लागूनच असतो. यंत्राचा घाव बसतो तोही नेमका तिथे.

मी एकदा हौसेनं अशा पन्नास बिया पेरल्या. दोन उगवल्या आणि त्यातली एक पाचव्या पानावर गेली. प्रयोग म्हणून करायचं तर करा, पण झाडच हवं असेल तर बी पेरण्यासाठीचंच घ्या.

पेरायचं बी किती ताजं हवं?

या सगळ्या उद्योगात निम्मं यश याच एका गोष्टीवर आहे. गहू-हरभऱ्यासारखं कॉफीचं बी वर्षानुवर्षं झोपून राहत नाही. फळातून काढल्यापासून दोन महिन्यांच्या आत पेरलं तर बहुतेक बिया उगवतात. चार महिन्यांनंतर उगवण घसरायला लागते, आणि घरच्या तापमानात सहा महिने काढलेल्या बियांकडून फार अपेक्षा ठेवू नये. कॉफीच्या लागवडीतल्या मुख्य प्रजाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टाचं बी अरेबिकापेक्षाही लवकर मरतं.

म्हणून बी घेताना जातीचं नाव नंतर विचारा. फळ कधी तोडलं होतं, हा पहिला प्रश्न. विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका. बी टरफलासकट असेल तर उत्तम, आणि अर्थातच थेट झाडावरचं पिकलं फळ मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही.

बी फ्रीजमध्ये टाकून वर्षभर टिकवायचा विचार सोडून द्या. धान्याच्या बीला थंडी मानवते तशी याला मानवत नाही. दुसऱ्या देशातून मागवत असाल तर आधी वनस्पती-आयातीचे नियम बघा. कॉफीच्या कीड-रोगांना सीमा ओलांडायची जुनी सवय आहे, त्यामुळे अनेक देशांत यावर कडक बंधनं असतात.

पिकलेलं फळ मिळालं. बी कसं काढू?

फळ पूर्ण लाल हवं. काही जाती पिकल्यावर पिवळ्या होतात, तेव्हा झाडाची जात माहीत असलेली बरी. चिमटीत दाबलं की आतून दोन बिया घसरून बाहेर येतात, त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात. कधी एकच गोल बी निघते. तिची बहीण वाढलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती पेरायला चालते.

बीवर बुळबुळीत चिकट थर असतो आणि तो नुसत्या धुण्यानं जात नाही. बिया थोड्या पाण्यात एक दिवस, थंडी असेल तर दीड दिवस ठेवा. थर आंबून सुटतो. मग हातांनी चोळून दोन-तीन पाण्यांत धुवा. बोटांना बी गुळगुळीत न लागता खरखरीत लागली की झालं. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया टाकून द्या, त्या आतून पोकळ किंवा किडक्या असतात.

नंतर लगेच पेरणार असाल तर वाळवायची गरजच नाही. आठवडा-दोन आठवडे थांबणार असाल तर सावलीत, वाऱ्यावर, एकेरी थरात पसरा. उन्हात नको. उन्हात वाळलेलं टरफल तडकतं, आणि त्याबरोबर बहुधा बीही जातं.

पेरण्याआधी टरफल काढायचं का?

काढलं तर उगवण लवकर होते, कारण टरफल पाणी आणि हवा दोन्ही अडवतं. पण काढताना गर्भाला नख लागण्याचा धोका असतो. मी असं करतो : बिया कोमट पाण्यात २४ तास भिजत ठेवतो, आणि मग ज्यांचं टरफल नखानं सहज निघतं तेवढ्यांचंच काढतो. उरलेल्या तशाच पेरतो. त्या आठ-दहा दिवस मागून येतात, पण येतात.

चाकू वापरू नका. आतली पातळ चंदेरी साल तशीच राहू द्या, तिचा काही अडथळा होत नाही.

कशात पेरू, किती खोल आणि कुठली बाजू खाली?

सपाट बाजू खाली, फुगीर बाजू वर, १ ते दीड सेंटिमीटर खोल. बी उभी किंवा उलटी पडली तरी उगवेल, पण मुळाला वळसा घ्यावा लागतो. कॉफीला सोटमूळ असतं. सुरुवातीला ते वाकलं तर वाकलेलंच जाडजूड होतं आणि झाड दोन-तीन वर्षांचं झाल्यावर काही कारण नसताना खुरटल्यासारखं दिसू लागतं.

पेरायला धुतलेली जाडसर वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं पुरतं. खत अजिबात नको. बीच्या पोटात स्वतःचा साठा असतो आणि पहिले दोन-तीन महिने रोप त्याच्यावरच जगतं. या टप्प्यावर घातलेलं शेणखत फक्त बुरशीला पोसतं.

उगवायला किती दिवस लागतात?

ऊब किती मिळते त्यावर आहे. माती २८ ते ३० अंशांवर राहिली तर चार-पाच आठवड्यांत हालचाल दिसते. २० अंशांच्या आसपास असेल तर अडीच-तीन महिने धरा. त्याखाली बी नुसती पडून राहते आणि कुजते. म्हणून थंडीच्या दिवसांत पेरायचंच असेल तर कुंडी उबदार जागी, पारदर्शक झाकणाखाली ठेवा आणि दिवसातून एकदा झाकण उघडून हवा खेळू द्या.

एवढा वेळ का, हे समजलं की वाट बघणं थोडं सोपं जातं. बीमधला साठा मॅनन नावाच्या कडक पदार्थात बांधलेला असतो. खजुराची बी दगडासारखी असते तीही याच्यामुळेच. इवल्याशा गर्भाला आधी आतून विकरं (एन्झाइम) सोडून ती भिंत मऊ करावी लागते, तेव्हा कुठे मूळ बाहेर पडतं.

दोन महिने झाले. उकरून बघू का?

मला माहीत आहे, तुम्ही बघणारच. तर निदान असं बघा : कडेची एकच बी, चमच्यानं, मातीच्या गोळ्यासकट उचला आणि हलकेच दाबा. कडक असेल तर जिवंत आहे, परत ठेवून द्या. बोटाखाली मऊ लागली, पिचली, आंबूस वास आला तर गेली. सगळ्या बिया उकरू नका. नुकतं फुटलेलं मूळ टाचणीच्या टोकाएवढं असतं आणि ते तुटलं की दुसरं तसं फुटत नाही.

रोप वर आलं, पण डोक्यावर बी तशीच अडकली आहे.

अडकलेली नाही, तिथेच असायला हवी. आधी देठ कमानीसारखा वर येतो, मग सरळ होतो आणि बी डोक्यावर घेऊन उभा राहतो. थेट आगपेटीतली काडी. या अवस्थेत ते दोन-चार आठवडेही राहतं. त्या टोपीच्या आत बीजदलं उरलासुरला साठा शोषत वाढत असतात. पोट भरलं की टोपी गळते आणि दोन गोल, कडेला किंचित चुण्या असलेली पानं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडतात. खरी, लांबट, टोकदार पानं त्यानंतर येतात आणि ती अगदी वेगळी दिसतात.

टोपी ओढून काढायचा मोह सगळ्यांना होतो. माझी पहिली तीन रोपं मी अशीच मारली : टोपीबरोबर बीजदलंही हातात आली. हवा फार कोरडी असेल तर टरफल कडक होऊन खरंच अडकू शकतं. अशा वेळी दिवसातून दोनदा पाण्याचा हलका फवारा मारा. बाकी काही करू नका.

रोपं उगवून दोन आठवड्यांत बुडाशी कोलमडली. काय झालं?

मातीतली बुरशी. देठ जमिनीलगत काळसर, बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. पडलेलं वाचत नाही. ते काढून टाका, झाकण काढा, पाणी कमी करा, म्हणजे बाकीची वाचतील. पुढच्या वेळी वाळू उकळत्या पाण्यानं धुऊन घ्या.

मोठ्या कुंडीत कधी हलवू?

बीजदलं उघडली की, किंवा खऱ्या पानांच्या पहिल्या दोन जोड्या आल्यावर. फार उशीर केला तर सोटमूळ तळाला पोचून गोल फिरायला लागतं. कुंडी रुंद नको, खोल हवी. रोप बीजदलांना धरून उचला, देठाला धरून नाही. देठ चिमटला की रोप संपलं.

आता मात्र माती सकस हवी : बागेतली भुसभुशीत माती, कोकोपीट, चाळलेलं गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू. कॉफीला किंचित आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साधारण ५.५ ते ६.५. चुना किंवा राख घातलेली माती तिला चालत नाही. यानंतर दरवर्षी एकच माप मोठी कुंडी घ्या. छोट्या रोपाला एकदम मोठ्या कुंडीत टाकलं तर न शोषलेलं पाणी मुळांभोवती साचतं.

ऊन किती लागतं?

अरेबिका मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडल्या डोंगराळ जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. घरातही तिला तसाच पानांआडून गाळलेला उजेड आवडतो. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास चालेल. दुपारच्या थेट उन्हात पानांवर फिकट, मग तपकिरी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. उलट अंधाऱ्या कोपऱ्यात रोप जगतं, पण दोन पेरांतलं अंतर वाढून काटकुळं होतं.

१८ ते २४ अंश तापमान तिला सर्वांत मानवतं. १० अंशांखाली वाढ थांबते. हिमकण पडले तर झाड उभ्याउभ्या काळं पडतं.

पाणी कधी घालायचं?

मातीचा वरचा दोन सेंटिमीटरचा थर सुकला की. तहान लागली की कॉफीची पानं लगेच माना टाकतात आणि पाणी घातलं की दोन-तीन तासांत पुन्हा उभी राहतात, त्यामुळे झाड स्वतःच सांगतं. फसवणूक एकाच ठिकाणी होते : माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर मुळं कुजायला लागली आहेत. त्यावर आणखी पाणी घालणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर पाय देणं.

वापरलेल्या कॉफीचा चोथा खत म्हणून घालू का?

सगळ्यांना ही कल्पना सुचते, कारण त्यात एक प्रकारची गंमत आहे. ताजा चोथा कुंडीवर पसरू नका. त्याचा थर जमून माती गुदमरते, बुरशी धरते आणि त्यात उरलेलं कॅफीन कोवळ्या मुळांना मारक असतं. कंपोस्टमध्ये मिसळून पूर्ण कुजवा आणि मग वापरा. एरवी वाढीच्या महिन्यांत दर तीन-चार आठवड्यांनी पातळ केलेलं नत्रयुक्त द्रवखत पुरतं. थंडीत बंद.

पानं पिवळी पडतात, टोकं करपतात. कोणता रोग आहे?

बहुधा रोग नसतो. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर लोहाची कमतरता आहे. मातीत लोह असतं, पण जड पाण्यानं मातीचा सामू वर चढतो आणि ते मुळांना घेता येत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी होत असतील तर नत्र कमी. फक्त टोकं तपकिरी असतील तर हवा कोरडी आहे किंवा खताचे क्षार साचलेत.

पानामागे नारिंगी पूड दिसली तर ती तांबेऱ्याची बुरशी. १८६९ मध्ये सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) मळ्यांत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली, आणि पुढच्या काही दशकांत तिथली कॉफी संपून चहा आला. घरातल्या एकट्या रोपावर ती क्वचित येते. आलीच तर ते पान पिशवीत घालून लगेच फेकून द्या.

पानामागे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक खड्डे आहेत. कीड आहे ना?

नाही! ते झाडाचेच आहेत. मधल्या शिरेला बाजूच्या शिरा जिथे मिळतात तिथे अरेबिकाच्या पानावर अशा खळग्या असतात आणि वरून त्या जागी छोटे उंचवटे दिसतात. सूक्ष्म कोळी त्यांत आसरा घेतात, आणि त्यातले बरेचसे झाडाला त्रास देणारे नसतात. या खळग्यांवर औषध फवारणारे मी पुष्कळ पाहिलेत.

खरी कीड ओळखायची असेल तर पानांच्या बगलेत बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, देठाला चिकटलेले तपकिरी खवले म्हणजे खवले कीड. सुरुवातीलाच स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा. पसरली असेल तर साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेल, दर आठवड्याला, तीन-चार वेळा. कोरड्या हवेत पानांमागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानं नियमित धुतली तरी तो बराच आवरतो.

शेंडा खुडला तर झाड डेरेदार होईल का? फांदी लावून नवं रोप येईल का?

हे दोन प्रश्न मी मुद्दाम एकत्र घेतलेत, कारण उत्तर एकाच गोष्टीत आहे. कॉफीला दोन प्रकारच्या फांद्या असतात. उभं खोड सरळ वर जातं आणि त्यातून आडव्या फांद्या निघतात. पानांच्या साधारण आठ-दहा जोड्या झाल्या की पहिल्या आडव्या फांद्या फुटतात. फुलं-फळं याच आडव्या फांद्यांवर येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत आडवी फांदी देणारा डोळा एकच असतो. ती फांदी तोडली तर त्या पेरावर तशी फांदी पुन्हा कधीच येत नाही. बाकीचे डोळे फक्त उभे धुमारे देतात.

तेव्हा शेंडा खुडायला हरकत नाही, खालून उभे धुमारे फुटतील. त्यातले एक-दोन ठेवा. पण आडव्या फांद्यांवर कात्री चालवताना दहा वेळा विचार करा. खालच्या फांद्या ‘नीट दिसत नाहीत’ म्हणून काढल्या तर झाड कायमचं उघडं पडतं.

कलमाचंही तेच. उभ्या धुमाऱ्याची काडी रुजली तर सरळ झाड होतं. आडव्या फांदीची काडी रुजतेसुद्धा, पण आयुष्यभर आडवीच पसरत राहते.

फुलं कधी येतील? एकच झाड पुरेल का?

बी पेरल्यापासून तीन ते चार वर्षांनी. घरात उजेड कमी असेल तर पाच. कळ्या तयार होऊन थांबून राहतात. काही आठवडे पाणी थोडं आखडतं घेतलं आणि मग एकदम भरपूर दिलं की आठ-दहा दिवसांत सगळी फांदी पांढरी होते. वास जाई-जुईच्या जवळचा. दोन-तीन दिवसांत सगळं संपतं, म्हणून त्या आठवड्यात गावाला जाऊ नका.

अरेबिकाला एकच झाड पुरतं, ती स्वतःच्याच परागानं फळते. १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमहून फ्रान्सच्या चौदाव्या लुईला कॉफीचं एक रोप भेट गेलं आणि कॅरिबियन बेटांवरची बरीचशी कॉफी त्याच्या वंशातली मानली जाते. एका झाडापासून एवढं होऊ शकलं ते याच गुणामुळे. रोबस्टाचं तसं नाही. तिला परक्या झाडाचे पराग लागतात, म्हणजे निदान दोन वेगळी रोपं हवीत. घरासाठी अरेबिकाच घ्या.

घरच्या झाडाची किती कॉफी मिळेल?

हिशेब करून निराश होऊ नका. एका कपाला सुमारे १० ग्रॅम भाजलेली कॉफी धरली तर ७०-८० बिया, म्हणजे ३५-४० फळं. फळं पिकायला फुलापासून सात ते नऊ महिने लागतात, आणि एकाच फांदीवरची सगळी एकदम पिकतही नाहीत. कुंडीतलं चांगलं झाड वर्षाला काही कप देईल. त्यातला एक कप पिऊन बघावा आणि उरलेल्या बिया पेराव्यात, असं माझं मत.

मांजर-कुत्र्यांना धोका आहे का?

आहे. पानांत आणि बियांत कॅफीन असतं आणि ते दोघांनाही बाधतं. कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

माझ्याच झाडाच्या बिया पेरल्या तर तसंच झाड येईल का?

शुद्ध जातीची अरेबिका असेल तर जवळपास तसंच, कारण बहुतेक बी स्वपरागणाचं असतं. संकरित जात असेल तर रोपं एकमेकांपासून वेगळी निघतील : कुणी बुटकं, कुणी उंच, कुणाची कोवळी पालवी हिरवी तर कुणाची तांबूस. ती निवडायला दहा-बारा तरी पेरा. आणि फळ तोडल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.